आखरी हात कोणाचा

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला संगणक प्रयोगशाळेची प्रमुख का केलं, हे आमच्या प्राचार्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. त्या वर्षी माझ्या तासिका सगळ्यांत कमी भरत होत्या, एवढंच कारण असावं. नालवाडीच्या पुढे आमचं कॉलेज. दुमजली इमारत, मागे सोयाबीनचं शेत आणि वरच्या मजल्यावर कोपऱ्यात तीस संगणकांची एक खोली, तिला सगळे लॅब म्हणत. मला ई-मेल पाठवता येत होती आणि परीक्षेचे गुण भरता येत होते. त्यापलीकडे संगणकाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मी कुरकुर करत किल्ली घ्यायला गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, काळजी करू नका, तिथे भोयर आहेत.

वामन भोयर कागदोपत्री परिचर होते. झाडणं, पुसणं, दारं-खिडक्या लावणं, ही त्यांची कामं. तीही तात्पुरत्या नेमणुकीवर, दर वर्षी नवा कागद. पन्नाशीच्या आसपासचा सडपातळ माणूस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी रंग द्यायचा छोटा ब्रश, एक स्क्रूड्रायव्हर आणि शाळेतल्या मुलांचं असतं तसं खोडरबर. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे रबर नातवाचं असेल. दहा मिनिटांनी त्यांनी एका बंद पडलेल्या यंत्राचं झाकण उघडलं, आतली मेमरीची पट्टी काढली, तिच्या पितळी दातांवरून ते रबर हलक्या हाताने फिरवलं, ब्रशने धूळ झटकली आणि पट्टी परत बसवली. यंत्र सुरू झालं. 

ते मूळचे अल्लीपूरचे. तिथे ते विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. कॉलेजच्या बोअरची मोटर दुरुस्त करायला म्हणून आले आणि राहिले. त्या कामाची सवय लॅबमध्येही सुटली नव्हती. बिघडलेल्या यंत्रापाशी गेले की आधी पंजाची उलटी बाजू डब्याला लावून बघत, मग नाक जवळ नेत. सुरू करताना यंत्र किती वेळा पिप् करतं ते डोळे मिटून मोजत. स्क्रू काढला की बाटलीच्या झाकणात ठेवत आणि प्रत्येक जागेच्या स्क्रूला वेगळं झाकण असे. कोणी झाकणाला धक्का दिला तर रागावत नसत, पण तो माणूस खोलीबाहेर जाईपर्यंत कामही पुढे नेत नसत.

लॅब ते स्वतः झाडत. दुसऱ्या कोणाला झाडू लावू देत नसत. मला वाटलं, हा मानापमानाचा काही भाग असेल, म्हणून मी एकदा विचारलं. ते म्हणाले, निम्मं नेटवर्क झाडूनंच जाते. टेबलाखाली झाडू ओढला की वायर अर्धी बाहेर येते, वरून बसलेली दिसते आणि मग सगळे यंत्राला शिव्या देतात. त्यानंतर मी माझ्या घरीही टीव्हीमागे झाडू घालताना जरा जपून घालते.

इंग्रजी त्यांना अक्षर लावून वाचता येई, अर्थ लागत नसे. पडद्यावर जे उमटे ते ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेत आणि त्याच्यापुढे आपल्या भाषेत त्याचा अर्थ लिहीत. ती लांब पुठ्ठ्याची वही मी पहिल्यांदा उघडली तेव्हा हसू आलं होतं. नेटवर्क कार्ड यंत्राला दिसतं पण त्याचा ड्रायव्हर नाही, म्हणजे ते चालवायचं कसं हे सांगणारी प्रणाली यंत्रात टाकलेली नाही, या रोगाला त्यांनी लिहिलं होतं, 'पाव्हणा आला पण ओळख नाई.' वायर बसली आहे पण यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला नाही, त्याला, 'रस्ता आहे, घर नंबर नाई.' यंत्र सुरू होता होता मध्येच पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, त्याच्यापुढे, 'उठते, पाह्यते, वापस झोपते.' हसणं दोन दिवसांत थांबलं. आमचे संगणकाचे शिक्षक, जे अधूनमधून बदलत, ते तासभर फळ्यावर जे समजावत ते मला या वहीच्या तीन ओळींत समजलं. पोरं तर तोंडी परीक्षेतही हीच नावं सांगून मोकळी होत आणि बाहेरून आलेले परीक्षक गोंधळून माझ्याकडे बघत.

पण भोयरांची खरी पद्धत वहीत नव्हती. कुठलंही यंत्र बिघडलं की ते उघडायच्या आधी ते एक प्रश्न विचारत: आखरी हात कोणाचा? म्हणजे या यंत्रात शेवटचा बदल कोणी केला, काय केला. विचारून ते स्टुलावर बसून राहत. उत्तर येईपर्यंत स्क्रूड्रायव्हर खिशातून निघत नसे. आणि जो कबूल करी त्याला खालच्या कॅन्टीनमधून भोयरांतर्फे चहा. गेम टाकला, कुठली तरी फाइल उडवली, पाय लागून बटण दाबलं गेलं, काहीही असो, रागावणं नाही, प्राचार्यांकडे जाणं नाही. चहा मागवायचा आणि मग त्या पोराने शेजारी बसून दुरुस्ती बघायची. आमच्या कॉलेजात खोटं बोलण्याची कला पोरं पहिल्याच वर्षी शिकतात, हजेरीपासून आजारपणाच्या दाखल्यापर्यंत. पण त्या कोपऱ्यातल्या खोलीत ती सटासट खरं बोलायची. एका चहापायी, असं मी म्हणत असे. ते चहापायी नव्हतं हे मला उशिरा कळलं.

एकदा प्राचार्यांचाच संगणक सुरू होईना. काळा पडदा, त्यावर एक ओळ आणि पुढे काही नाही. भोयर बोलावणं आल्यावर गेले, मीही मागे गेले. खोलीत व्यवस्थापनाचे दोन सभासद बसलेले. भोयरांनी नमस्कार केला आणि त्याच आवाजात विचारलं की साहेब, आखरी हात कोणाचा. प्राचार्य म्हणाले, कोणाचाच नाही, काल नीट चालत होता. भोयर हो जी म्हणाले आणि भिंतीला लागून उभे राहिले. दोन मिनिटं गेली. प्राचार्यांनी विचारलं, बघत का नाही. बघतो जी, म्हणाले, आणि तसेच उभे. मी खाली फरशीकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर मला हसू आवरलं नसतं. शेवटी प्राचार्यांना आठवलं की काल घरून आणलेला पेन ड्राइव्ह त्यांनी मागच्या बाजूला लावला होता, त्यातले फोटो संगणकात घ्यायला. तो अजून तिथेच होता. यंत्र आपली डिस्क सोडून आधी त्या पेन ड्राइव्हमध्ये घुसत होतं आणि तिथे काहीच न सापडल्याने थांबत होतं. भोयरांनी तो काढून टेबलावर ठेवला, यंत्र सुरू केलं आणि बाहेर जाऊन प्राचार्यांसाठी चहा सांगितला. तो स्वतःच्या खिशातून. प्राचार्य तो प्यायले, पण त्या दिवसापासून ते लॅबकडे फिरकेनासे झाले.

आता त्यांच्या घरचं थोडं सांगायला हवं. भोयर बोरगाव मेघेला एका खोलीत भाड्याने राहत. बायको, कुसुमताई, अल्लीपूरला. तीन एकर शेत त्याच बघत. एक मुलगी होती, तिचं लग्न होऊन गेलेलं. शनिवारी दुपारी भोयर एसटीने गावी जात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येत. अकरा वर्षं असंच चाललं होतं. मी विचारलं की त्या इकडे का येत नाहीत, तर म्हणाले, तिची एक अट आहे. नोकरी कायम झाली की ती चूल इकडे आणणार, तोपर्यंत नाही. तात्पुरत्या कागदामागे घर हलवायचं नसतं, असं तिचं म्हणणं, आणि त्यांना ते पटत होतं. दर वर्षी नवा कागद येतो, एखाद्या वर्षी नाही आला तर तिला पुन्हा गावी घेऊन जायचं, लोक काय म्हणतील. ते हे सगळं मेमरीची पट्टी पुसत पुसत सांगत होते. पण बोरगावच्या खोलीत त्यांनी दोन माणसांचा पलंग आधीच घेऊन ठेवला होता, हे मला लॅबमधल्याच कोणी तरी सांगितलं.

मी प्रमुख झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांना कायम करायचा प्रस्ताव खरोखर हलला. एक जागा मंजूर झाली होती. संस्थेच्या समितीपुढे तीन नावं जाणार होती आणि त्यांत भोयरांचं पहिलं होतं. त्यांच्या कामाचा शेरा मीच लिहिला. इतका मोठा लिहिला की कारकुनाने विचारलं, मॅडम, हा शेरा आहे की निबंध. भोयर त्या दिवसांत नेहमीसारखेच होते, फक्त शनिवारी जाताना एखादी वस्तू घेऊन जायच्या ऐवजी तिकडून एखादी इकडे आणू लागले. आधी एक पितळेचा डबा आला, मग पाटा-वरवंटा. वरवंटा त्यांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला होता.

त्याच उन्हाळ्यात वीज पडली. थेट इमारतीवर नाही, मागच्या शेतातल्या बाभळीवर, पण नेटवर्कच्या वायरीतून झटका आत आला आणि तीसपैकी बावीस यंत्रांची नेटवर्कची जागा जळाली. यंत्रं सुरू व्हायची, पण एकमेकांशी बोलायची नाहीत. पुरवठादाराने त्या बावीस यंत्रांत वेगळी कार्डं बसवून दिली. कार्डं स्वस्तातली होती. चालायची, पण दिवसातून एकदोनदा एखादं यंत्र नेटवर्कवरून गळायचं आणि पुन्हा जोडावं लागायचं. भोयरांनी ते वहीत लिहिलं आणि शोधायला लागले. त्यांना कुठून तरी त्याच कार्डाचा नवा ड्रायव्हर मिळाला.

नव्या गोष्टीबाबत त्यांचा एक नियम होता. एका यंत्रावर टाकायची आणि तीन दिवस त्या यंत्राला काही म्हणायचं नाही. तीन दिवस ते बंद होईल, थंड होईल, पुन्हा उठेल, पोरं त्याच्यावर काम करतील. मग एक रांग. मग बाकीची. मला हे फार वेळखाऊ वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवत असे. घाई यंत्राले नसते मॅडम, आपल्याले असते, असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

पण गुरुवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, साठ मुलांची, दोन तुकड्यांत, सगळी उत्तरं नेटवर्कवरून एका मुख्य यंत्रात जमा होणारी. मधेच एखादं यंत्र गळलं तर त्या मुलाचा पेपर गेला. प्राचार्यांनी बुधवारी सकाळी भोयरांना बोलावून सांगितलं की उद्या एकही यंत्र गळता कामा नये, काय करायचं ते आज करा. आणि मीही तेच म्हटलं, हे इथे लिहायला हवं. भोयरांनी नवा ड्रायव्हर एका यंत्रावर टाकला, यंत्र रीस्टार्ट केलं, चाललं. पुन्हा केलं, चाललं. चार वेळा करून बघितलं. मग संध्याकाळपर्यंत बावीसही यंत्रांवर टाकला, प्रत्येक यंत्र रीस्टार्ट करून पाहिलं आणि एकही गळलं नाही. मी त्यांचं कौतुक केलं. ते म्हणाले, तीन दिवस नाही झाले. मी म्हटलं, आता पुरे. त्यांनी मुख्य बटण बंद केलं आणि कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी नऊला बटण चालू केलं. आठ यंत्रं उठली. बावीस यंत्रं सुरू होत, निळा पडदा दाखवत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. उठते, पाह्यते, वापस झोपते. सगळ्या खोलीत ते एकाच वेळी चाललं होतं. भोयर दारात उभे राहून ते बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्यांना तिथेच कळलं होतं. रीस्टार्ट करताना यंत्राची वीज तुटत नाही, कार्ड जागंच राहतं, म्हणून आदल्या दिवशी सगळं ठीक वाटलं. यंत्र पूर्ण बंद होऊन थंड झालं की उठताना नवा ड्रायव्हर त्या स्वस्त कार्डाला चुकीचा हात घालत होता आणि यंत्र पडत होतं. तीन दिवसांचा नियम नेमका यासाठीच होता.

ते लगेच कामाला लागले. झाकण उघडायचं, कार्ड काढायचं, कार्डाविना यंत्र सुरू करायचं, नवा ड्रायव्हर काढून जुना टाकायचा, यंत्र बंद करायचं, कार्ड परत बसवायचं. बावीस वेळा. बाहेर व्हरांड्यात मुलं जमली होती, खाली बाहेरचे परीक्षक आले होते आणि प्राचार्य त्यांना चहात अडकवून ठेवत होते. दारातून काही मुलं आत डोकावली. त्यांतल्या एकाने, बहुधा वातावरण हलकं करावं म्हणून, विचारलं, "भाऊ, आखरी हात कोणाचा?"

भोयर तेव्हा टेबलाखाली होते. बाहेर आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "माहा."

 मग विचारणाराच वळून जिना उतरला आणि थोड्या वेळाने कॅन्टीनमधला चहाचा ग्लास घेऊन आला. तो त्याने टेबलाखाली सरकवला. भोयर दोन यंत्रांच्या मधे फरशीवर बसून तो चहा प्यायले आणि रिकामा ग्लास बाहेर ठेवून पुढच्या झाकणाचे स्क्रू काढू लागले. मला त्या क्षणी रडू आलं होतं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिले.

दीड वाजता बाविसावं यंत्र उठलं. दुसऱ्या तुकडीची परीक्षा दोनला सुरू झाली आणि नीट पार पडली. पहिल्या तुकडीची आठ दिवस पुढे गेली. तीस मुलांपैकी एका मुलीला त्याच आठवड्यात पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. ती पेपरसाठी पुण्याहून परत आली, नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात दोन दिवसांची रजा मागून. ती आल्याचं भोयरांनी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलं. त्या पानावर रोग आणि उपाय काही नव्हता, फक्त तिचं नाव आणि किती दिवस गेले ते.

परीक्षकांनी विद्यापीठासाठी खुलासा मागितला. प्राचार्यांनी मला बोलावून तो तोंडी सांगितला: पुरवठादाराने निकृष्ट कार्डं दिल्यामुळे यंत्रं बंद पडली, कार्डं बदलून घेण्यात येत आहेत, संबंधितास काळ्या यादीत टाकण्यात येत आहे. सही माझी. भोयरांचा उल्लेखच नको, असं ते म्हणाले, आणि त्यांना भोयरांचं भलंच करायचं होतं. समितीची बैठक तीन आठवड्यांवर होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कार्डं खरोखरच निकृष्ट होती. मी खुलासा टाइप करून आणला आणि लॅबमध्ये बसून एकदा वाचत होते तेव्हा भोयर आले. त्यांना इंग्रजी कळत नसल्याने मी मराठीत सांगितला.

त्यांनी विचारलं, "अन् ड्रायव्हरचं कुठं लिवलं?"

मी म्हटलं, ते लिहायचं नाही.

"काऊन?"

मी समजावून सांगितलं. जागा, समिती, तीन आठवडे. कुसुमताईंचं नावही घेतलं, जे मी घ्यायला नको होतं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "कार्ड चालून राह्यले होते मॅडम. गळत होते, पण चालून राह्यले होते. म्या ड्रायव्हर टाकला म्हणून यंत्रं पडले. तुमी कार्ड खराब लिवान तं कार्ड बदलतीन. नवे कार्ड येतीन, अन् उद्या कोणी त्यायच्यावर बी असाच एका दिवसात ड्रायव्हर टाकीन. रोग खोटा लिवला तं दवाई बी खोटीच होते."

मी चिडले. म्हटलं, हा कागद विद्यापीठात जाईल, त्याची प्रत तुमच्या फाइलमध्ये बसेल, समिती पहिला तोच वाचेल. घाई आम्ही केली होती, प्राचार्यांनी आणि मी. तसंच असेल तर ते लिहिते.

"लिवा," ते म्हणाले. "पण हात माहा होता. पोट्ट्यायनं ऐकलं आहे."

मी दोन दिवस तो कागद तसाच ठेवला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, पण दोन्ही दिवस लॅब बंद करताना माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत आणि काही न बोलता जात. तिसऱ्या दिवशी मी नवा खुलासा लिहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या व प्राचार्यांच्या तोंडी आदेशावरून, पुरेशी चाचणी न घेता, परिचर वामन भोयर यांनी बावीस यंत्रांवर नवीन ड्रायव्हर टाकला. प्राचार्यांनी त्यातला स्वतःचा उल्लेख काढायला लावला. माझा राहू दिला. सही केली तेव्हा मला भोयरांचा राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. माणसाने स्वतःचं इतकंही नुकसान करून घेऊ नये, असं मला वाटतं. आणि त्यांच्याऐवजी दुसरं कोणी असतं तर मी त्याच्याविषयी इतकं लिहीत बसले नसते, हेही खरं आहे.

समितीने दुसऱ्या नावाला पसंती दिली. समितीच्या शेऱ्यात 'कामात हलगर्जी' असे शब्द होते. मी निरोप सांगितला तेव्हा भोयर एका यंत्राचा पंखा साफ करत होते. हो जी, म्हणाले.  तो दिवस शुक्रवार होता. शनिवारी ते नेहमीच्या गाडीने अल्लीपूरला गेले आणि मी तो रविवार घरात उगाच भांडी घासत काढला. सोमवारी ते वेळेवर आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पितळेचा डबा आणि पाटा-वरवंटा त्यांनी परत नेले नाहीत, एवढं मला कळलं. दर वर्षीचा कागद त्या वर्षीही आला. नवा ड्रायव्हर टाकायचा तर तीन दिवस थांबायचं, असा एक कागद त्यांनी लॅबच्या दारावर चिकटवला आणि प्राचार्यांनी तो काढायला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे होते, भोयर नव्हते. त्यांनी त्या दिवशी रजा टाकली होती. मी प्रमुख होते तेवढ्या काळातली त्यांची ती पहिली रजा, आणि ती नेमकी त्या दिवशी. मला लागलं. खुलाशावरून मनात काही राहिलं असणार, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी मला नागपूरला मुलाकडे जायचं होतं, म्हणून त्याच संध्याकाळी एक पेढ्यांचा डबा घेऊन मी बोरगाव मेघेला गेले. रिक्षावाल्याला दोनदा पत्ता विचारावा लागला.

त्यांच्या दारात एक मालवाहू गाडी उभी होती. वर एक लाकडी कपाट, दोन पोती धान्य, तुळशीची कुंडी, पाण्याची टाकी. भोयर गाडीच्या मागे उभे होते, बाह्या दुमडलेल्या. आणि खोलीच्या उंबऱ्यात एक उंच बाई, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

मला इतका आनंद झाला की मी पेढ्यांचा डबा पुढे करायचंही विसरले. म्हटलं, "भोयर, ऑर्डर आली? कधी आली?"

भोयरांनी मान हलवली, नाही अशी. पण ते बोलायच्या आधीच कुसुमताई म्हणाल्या, "ऑर्डर नाई आली जी मॅडम. मीच आली."

 त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढे म्हणाल्या, "मागच्या वर्सी यायनं सांगतलं, खरं लिवून देल्लं म्हणून कायम व्हाचं राह्यलं. म्या चार दिवस जेवण सोडलं होतं यायच्या रागानं. मंग वर्सभर इचार केला. कागद तात्पुरता आहे तं आहे. माणूस तं पक्का निंघाला."

भोयर तेव्हा कपाटाला बांधलेला दोर सोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही. कान लाल झालेले मला दिसले. मी डबा कुसुमताईंच्या हातात दिला. बसायला जागा नव्हती म्हणून त्यांनी मला उंबऱ्यावरच पाणी दिलं आणि रजेचं सांगितलं. गाडी त्याच दिवशी मिळत होती आणि शेत बटाईने घेणारा आठवडाभरात येणार होता. आधीच कळवायचं भोयरांना सुचलं नव्हतं.

मी रिक्षात बसले तेव्हा ते दोघं कपाट दारातून आत न्यायचा प्रयत्न करत होते. ते बसत नव्हतं. बावीस यंत्रं एका सकाळी उठवणारा माणूस त्याचं एक टोक धरून नुसता उभा होता आणि कुसुमताई दुसऱ्या टोकाकडून सांगत होत्या, आता थोडं आडवं करा, आता माह्याकडे येऊ द्या. ते त्या सांगतील तसं करत होते.